थुरिया उलटली, मग ती कच्ची होती का? एकट्याने महासागर ओलांडणाऱ्या नौकेबद्दल एका वडिलांना उत्तर

प्रश्न एका वडिलांचा आहे. त्यांची मुलगी १९ वर्षांची. गेली आठ वर्षं ती मुंबई बंदरात शिडाच्या लहान बोटी चालवते आहे, आणि आता गोल्डन ग्लोबसारखी जगप्रदक्षिणेची शर्यत एकटीने करायची असं तिने मनावर घेतलंय. वडिलांनी लिहिलंय : "२०१८ साली याच शर्यतीत अभिलाष टॉमी यांची 'थुरिया' दक्षिण हिंदी महासागरात पूर्ण उलटली, त्यांची पाठ मोडली, असं वाचलं. ती नौका जुन्या, जड, भरवशाच्या आराखड्यावर बांधली होती म्हणतात. मग उलटली कशी? कच्ची होती का? आणि तिथे एकटा माणूस झोपतो तरी कधी? मुलीला काय सांगू?"

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. सव्वीस वर्षं मी शिडाच्या नौकांच्या डोलकाठ्या उभ्या करतो, त्यांच्या तारा बदलतो, आणि मालकांच्या नौका एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेऊन पोचवतो. अरबी समुद्र बऱ्याचदा ओलांडला आहे. आफ्रिकेच्या टोकाखाली, चाळिसाव्या अक्षांशाच्या दक्षिणेला एकदाच गेलो, आणि तेव्हा आम्ही पाच जण होतो. एकट्याने सलग अकरा दिवसांपेक्षा जास्त मी समुद्रावर राहिलेलो नाही. जगप्रदक्षिणा केलेल्या माणसाचं हे उत्तर नाही. नौका कुठे मोडते, का मोडते, आणि मोडायच्या आधी काय दिसतं, हे मात्र मी रोज बघतो.

थुरिया कच्ची नव्हती. हे आधी सांगतो, कारण हा प्रश्न मला अनेकांनी विचारलाय आणि तो ऐकला की वाईट वाटतं. ती गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधली गेली. त्याच गोदीतून २००९ साली 'म्हादेई' पाण्यात उतरली होती. म्हादेईवरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये चार ठिकाणी थांबे घेत जगाला फेरी मारून आले. एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. २०१२च्या नोव्हेंबरात अभिलाष टॉमी त्याच नौकेवरून निघाले आणि कुठेही न थांबता २०१३च्या मार्चअखेरीला मुंबईत परतले. या सगळ्यामागे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी होते. निवृत्तीनंतर साताऱ्याकडच्या विंचुर्णीत राहून त्यांनी हा विषय नौदलाच्या गळी उतरवला. ज्या हातांनी म्हादेई बांधली त्याच हातांनी थुरिया बांधली, एवढं लक्षात असू द्या.

थुरियाचा आराखडा मात्र म्हादेईचा नव्हता. म्हादेई ५६ फुटांची. थुरिया ३२ फुटांची, आणि ती 'सुहैली'ची प्रतिकृती. सुहैलीची गोष्ट तुमच्या मुलीला माहीत असेल, पण तुम्हीही ऐका, कारण ती मुंबईची आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचे अधिकारी. त्यांनी ती नौका १९६०च्या दशकात कुलाब्याला इथल्या सुतारांकडून सागवानात बांधून घेतली. आराखडा विल्यम ॲटकिन या अमेरिकन माणसाचा, आणि त्याचं मूळ नॉर्वेच्या कोलिन आर्चर यांच्या बचावनौकांमध्ये. पुढून-मागून दोन्हीकडे निमुळती आणि बुडाला लांब, खोल कील, म्हणजे नौकेचा जड कणा. कोकणातले जुने सुतार या भागाला पठाण म्हणतात. १४ जून १९६८ला इंग्लंडमधल्या फॅल्मथहून निघालेली सुहैली २२ एप्रिल १९६९ला तिथेच परतली. ३१२ दिवस. नऊ जण त्या पहिल्या गोल्डन ग्लोब शर्यतीला निघाले होते, पूर्ण करणारे हे एकटे.

त्या ३१२ दिवसांत सुहैलीचं काय काय झालं ते बघा. सुरुवातीलाच फळ्यांच्या सांध्यातून पाणी येऊ लागलं. नॉक्स-जॉन्स्टन पाण्यात उतरले आणि सांध्यावर कॅनव्हासची पट्टी ठोकून आले. दक्षिण महासागरात आडवी पडली तेव्हा केबिनचं छप्पर जागेवरून हललं. रेडिओ अडीच महिन्यांत मुका झाला. ऑस्ट्रेलियाच्या आसपास वाऱ्यावर चालणारं आपोआप सुकाणू कायमचं मोडलं, आणि पुढची जवळजवळ निम्मी पृथ्वी त्यांनी शिडांचा तोल असा लावून काटली की नौका आपली आपण वाट धरून राहील. म्हणजे जिला आपण भरवशाची म्हणतो तीसुद्धा मोडतच होती. फरक एवढाच की मोडलेली प्रत्येक गोष्ट एका माणसाला, हातातल्या हत्यारांनी, हलत्या नौकेवर दुरुस्त करता येत होती. एकट्याच्या नौकेला मी भरवशाची म्हणतो ते या अर्थाने.

आता उलटण्याकडे येऊ. इथे जरा वेळ घेतो, कारण बहुतेक लोकांचा गैरसमज इथेच असतो.

वारा नौकेला उलटी करत नाही. कितीही जोराचा वारा आला तरी शिडं उतरवलेली जड कीलची नौका फार तर एका कुशीवर झुकेल आणि झुकूनच राहील. उलटी करते ती फुटणारी लाट. समुद्रात नुसती मोठी लाट आली तर तिच्यातलं पाणी पुढे जात नाही. ते जागच्या जागी वर-खाली फिरतं आणि नौका त्यावरून चढते, उतरते. तीस फुटांची लाटसुद्धा फुटत नसेल तर शांतपणे खालून निघून जाते. पण माथा फुटला की तिथलं कित्येक टन पाणी लाटेच्या वेगाने पुढे धावतं. ते नौकेच्या कुशीवर आदळलं तर वरचा भाग ढकलला जातो, आणि कील खालच्या संथ पाण्यात रुतलेली राहते. पायात पाय अडकून माणूस पडावा तशी नौका पडते.

१९७९च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या फास्टनेट शर्यतीत वादळाने १५ शर्यतपटूंचा बळी घेतला. त्यानंतर साउथॅम्प्टन विद्यापीठात पाण्याच्या टाक्यांत नौकांचे नमुने ठेवून चाचण्या झाल्या. त्यांतून निघालेला अंदाज आम्ही आजही धरून चालतो : कुशीवर आलेल्या फुटत्या लाटेची उंची नौकेच्या लांबीच्या साधारण ३० टक्के असेल तर नौका उलटू शकते, आणि ६० टक्के असेल तर कोणत्याही आकाराची, कोणत्याही वजनाची नौका उलटतेच. ३२ फुटांच्या नौकेसाठी हे आकडे म्हणजे दहा फूट आणि एकोणीस फूट. २१ सप्टेंबर २०१८ला थुरिया ज्या वादळात सापडली तिथे वारा ७० नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) घरात होता आणि लाटा १४ मीटरपर्यंत, म्हणजे ४५ फुटांच्या आसपास गेल्या होत्या. त्यांतली एकच, चुकीच्या क्षणी, चुकीच्या बाजूने फुटायला हवी होती.

त्या भागात ती चुकीच्या बाजूने येण्याचं कारणही सांगतो. दक्षिण महासागरात कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडून एकामागून एक येत राहतात. पट्टा येताना वारा वायव्येकडून वाहतो आणि तासन्‌तास त्या दिशेच्या लाटा उभ्या करतो. मग थंड हवेची आघाडी डोक्यावरून जाते आणि वारा काही मिनिटांत नैर्ऋत्येला फिरतो. जुन्या लाटा तर अजून चालूच असतात, त्यांच्यावर आडव्या दिशेने नव्या उठतात. दोन लाटा एकमेकींवर चढल्या की मध्येच पाण्याची भिंत उभी राहते आणि कोसळते. पाठीवर लाटा घेत नौका सरळ ठेवली असेल तरी हा तडाखा कुशीतून येतो. माझ्या त्या एकाच दक्षिणेच्या सफरीत वारा फिरल्यानंतरचे चार तास मला सगळ्यांत जास्त भीतीचे गेले, आणि तेव्हा वारा खरं तर उतरणीला लागला होता.

थुरिया पूर्ण फिरली, ३६० अंश. म्हणजे ती परत सरळ झाली. अरुंद, खोल, बुडाला भरपूर शिसं-लोखंड घेतलेल्या नौकेकडून नेमकी हीच अपेक्षा असते : उलटी पडली तरी उलटी राहायचं नाही. रुंद, हलक्या नौका पालथ्या पडल्या की कधी कधी तशाच तरंगत राहतात. थुरियाचं बूड शाबूत राहिलं, ती बुडाली नाही, तीन दिवसांनी मदत येईपर्यंत तिने आपल्या माणसाला कोरड्यात नसेल पण आत सांभाळून ठेवलं. गेल्या त्या डोलकाठ्या. नौका पाण्याखालून फिरते तेव्हा काठी आणि तिच्यावरची शिडं-दोर पाण्यातून ओढली जातात, आणि तेवढा भार कोणतीही काठी सहसा सोसत नाही. त्याच वादळात काही अंतरावर आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिन यांच्या 'हॅन्ली एनर्जी एन्ड्युरन्स'च्या काठ्याही गेल्या. नौका वेगळी, बांधणारे वेगळे, परिणाम तोच.

काठी गेल्यावर काम संपत नाही, सुरू होतं. मोडलेली काठी तारांना लटकून पाण्यात राहते आणि प्रत्येक लाटेबरोबर नौकेच्या कुशीवर घणासारखी आपटते. तासाभरात ती भोक पाडू शकते. शिवाय काठीचं उंचावरचं वजनच नौकेचं डोलणं संथ ठेवत असतं. ते गेलं की नौका झटक्याझटक्याने हलायला लागते आणि पुढच्या लाटेला आणखी सहज बळी पडते. म्हणून लगेच तारा कापाव्या लागतात, नाहीतर त्यांच्या पिना ठोकून काढाव्या लागतात. मोठा कटर, हॅकसॉची वीस तरी पाती, हातोडी आणि पंच या वस्तू मी प्रत्येक नौकेवर केबिनच्या दाराशीच बांधून ठेवतो, अंधारात हाताला लागतील अशा. टॉमी यांना हे करताच आलं नाही. पाठीच्या मणक्यांना इजा झाली होती, उठता येत नव्हतं. नौदलाच्या विमानाने वरून त्यांना शोधलं तेव्हा काठी नौकेच्या कडेला लोंबकळत होती.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून साधारण १९०० सागरी मैल दूर ते बिछान्यावर पडून होते. काठ्या गमावलेले मॅकगकिन तात्पुरतं शीड उभारून त्यांच्याच दिशेने निघाले. २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' हे फ्रेंच मत्स्यविभागाचं गस्ती जहाज पोचलं आणि टॉमींना स्ट्रेचरवरून उचलून त्याच महासागरातल्या ॲमस्टरडॅम बेटावर नेलं. तिथून आपल्या नौदलाचं 'सातपुडा' त्यांना घेऊन आलं. थुरिया समुद्रातच सोडावी लागली. एका नौका बांधणाऱ्याला तो निर्णय ऐकताना काय वाटलं असेल याचा विचार मी आजही करतो.

तुम्ही म्हणाल, हे तर दुर्दैव झालं. ज्यांनी शर्यत जिंकली त्यांचं काय? त्या वर्षीचे विजेते फ्रान्सचे ज्याँ-ल्यूक व्हॅन डेन हीड, वय ७३. तेसुद्धा आडवे पडले होते. नोव्हेंबर २०१८मध्ये केप हॉर्नच्या पश्चिमेला त्यांची 'मॅटमट' आडवीच्याही पलीकडे, जवळजवळ १५० अंशांपर्यंत कलंडली. काठी वाचली, पण खालच्या तारा जिथे काठीला जोडल्या होत्या तो बोल्ट खाली सरकला आणि त्याने काठीत चीर पाडली. तारा सैल पडल्या. ७३ वर्षांचा माणूस त्या हलत्या काठीवर पुन्हा पुन्हा चढला, दोरांनी ती जागा बांधून घेतली, नौकेला उरलेल्या प्रवासात जपून हाकलं आणि जानेवारी २०१९च्या शेवटी पहिला आला. जेमतेम २१२ दिवसांत. पाचच जणांनी ती शर्यत पूर्ण केली. पाचवे, फिनलंडचे तापियो लेहतिनेन, बुडाला चिकटलेल्या शिंपल्यांनी वेग खाल्ला म्हणून ३२२ दिवसांनी पोचले.

एक खुलासा मध्येच करतो, कारण तुमच्या मुलीच्या मैत्रिणी बहुधा दुसऱ्याच शर्यतीचे व्हिडिओ बघत असतील. वांदे ग्लोब ही वेगळी गोष्ट. तिथे ६० फुटांच्या, पाण्यावरून उडणाऱ्या पंखांच्या नौका असतात. २०२४-२५ मध्ये शार्ली दालँ यांनी ६४ दिवस आणि काही तासांत ती जिंकली. गोल्डन ग्लोबमध्ये १९८८पूर्वीच्या आराखड्याच्या, ३२ ते ३६ फुटांच्या, लांब कीलच्या नौका, आणि वाट शोधायला जीपीएस नाही. सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची मोजायचं यंत्र), घड्याळ आणि कागदी नकाशे. घड्याळ चार सेकंद चुकलं तर विषुववृत्तावर जागा एक सागरी मैलाने चुकते. ढगांमुळे चार-पाच दिवस सूर्यच दिसला नाही तर अंदाजावर चालायचं. मला स्वतःला ही दुसरी शर्यत जास्त जवळची वाटते, कारण तिच्यात खर्चापेक्षा हाताच्या कामाला जास्त किंमत आहे.

आता झोप.

एकटा माणूस चोवीस तास सुकाणूवर बसत नाही, बसूच शकत नाही. सुकाणू धरतो तो विंडवेन. नौकेच्या मागे बसवलेली एक हलकी फळी वाऱ्याचा कोन ओळखते. कोन बदलला की ती कलते, पाण्यातलं एक छोटं पातं वळवते, आणि वाहत्या पाण्याचा जोर सुकाणू फिरवतो. वीज लागत नाही. जुन्या खलाशाइतका तो इमानी, पण त्याला वारा सोडून दुसरं काही दिसत नाही. वारा फिरला की तो नौकेलाही फिरवतो, पुढे खडक असो वा जहाज. हा दुसरा खलाशी गेला तर शर्यतच जाते. २०२२च्या शर्यतीत सायमन कर्वेन सगळ्यांच्या पुढे होते. विंडवेनचा मुख्य भाग मोडला आणि दुरुस्तीसाठी त्यांना चिलीला थांबावं लागलं, मुख्य शर्यतीतून बाहेर पडावं लागलं.

झोपेचं गणित असं. समोरून १८ नॉटने जहाज येतंय आणि मी ५ नॉटने चाललोय, तर अंतर २३ नॉटने मिटतं. स्वच्छ हवेत लहान नौकेवरून मोठं जहाज आठ-एक मैलांवर दिसतं. म्हणजे आत्ता क्षितिजावर काही नाही असं बघून मी आडवा झालो तर माझ्याकडे वीस मिनिटं आहेत. म्हणून जहाजांच्या वाटेवर असताना वीस मिनिटांचा गजर, उठायचं, सगळीकडे एक नजर, पुन्हा आडवं. असं रात्रभर. जहाजांच्या वाटांपासून दूर, दक्षिण महासागरात गेल्यावर लोक तास-दीड तास सलग झोपतात. एकट्याने झोपायला जगातल्या सगळ्यांत वाईट जागांपैकी एक आपला कोकण किनारा आहे. मासेमारीच्या होड्या, मैल-मैल लांब जाळी, आणि त्यांतल्या कित्येकांवर दिवा नाही. इथे किनाऱ्यापासून तीस-चाळीस मैल बाहेर सरकल्याशिवाय मी डोळा मिटत नाही.

पहिल्या तीन रात्री फार वाईट जातात. मस्कतहून मुंबईला मी एकटा एक नौका आणत होतो, फेब्रुवारीत, हलक्या वाऱ्यात अकरा दिवस लागले. तिसऱ्या रात्री मला आईची हाक ऐकू आली, स्वयंपाकघरातून जेवायला बोलावते तशी, अगदी स्पष्ट. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी उठून "आलो" म्हणालो आणि केबिनच्या पायऱ्या उतरायला लागलो. खाली गेल्यावर कळलं. त्या रात्री मी ठरवलं की आता काहीही झालं तरी आधी झोप, मग बाकीचं. शिडं कमी केली, वेग निम्मा झाला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गजराच्या तुकड्यांत का होईना, पाच तास भरून काढले. शर्यतीत असा वेग सोडायला फार मोठं मन लागतं. दमलेला माणूस मात्र चुकीचा दोर सोडतो, चुकीच्या पायावर उभा राहतो, कमरेचा पट्टा नौकेला अडकवायचा विसरतो. एकटा पाण्यात पडला तर नौका विंडवेनच्या भरवशावर पुढे निघून जाते. तिला थांबवणारं कोणी नसतं.

त्याच सफरीतली पाचव्या दिवसाची सकाळ मी कधी विसरणार नाही. रोज उजाडल्यावर नौकेला एक फेरी मारायची ही मला माझ्या गुरूंनी लावलेली सवय. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, गुडघ्यांवर, प्रत्येक तारेला, प्रत्येक पिनेला हात लावत. त्या सकाळी वाऱ्याच्या उलट्या बाजूच्या डेकवर, कडेच्या पट्टीला अडकलेली एक छोटी वाकडी पिन दिसली. करंगळीच्या नखाएवढी, स्टेनलेस स्टीलची. अशी पिन डेकवर उगवत नाही; ती कुठून तरी पडलेली असते. मी वर बघत, हात लावत गेलो आणि एका श्राउडशी थांबलो, म्हणजे काठीला कुशीकडून धरून ठेवणाऱ्या तारेशी. तिच्या तळाशी जी जाड मुख्य पिन असते ती निम्म्याहून जास्त बाहेर आली होती. त्या बाजूला ताण नसल्यामुळे तार लुळी होती, प्रत्येक लाटेला हलत होती, आणि तिला अडवणारी छोटी पिन निघून गेल्यामुळे मोठी पिन कणाकणाने सरकत होती. दुपारी मी दिशा बदलणार होतो. बदलली असती तर सगळा ताण त्या तारेवर आला असता, आणि अरबी समुद्राच्या मध्यावर काठी माझ्या डोळ्यांदेखत गेली असती. पिन परत आत ढकलायला आणि नवी छोटी पिन बसवायला दोन मिनिटं लागली. ती जुनी पिन मीच मस्कतला दुसऱ्यांदा वापरली होती. नवी खिशात असताना, घाईत. तेव्हापासून काढलेली पिन मी पुन्हा कधी बसवत नाही, आणि माझ्या हाताखालच्या मुलांनी बसवलेली दिसली तर त्यांना सगळी काठी पहिल्यापासून तपासायला लावतो.

मुलीला काय सांगायचं, याचं माझं उत्तर या फेरीत आहे. समुद्र किती क्रूर आहे हे तिला सांगू नका. आठ वर्षं पाण्यावर घालवलेल्या मुलीला ते कळतं. तिला विचारा, ती आपल्या बोटीवरून उतरल्यावर काय करते. दोर गोड्या पाण्याने धुते का? शिडाची शिवण उसवलेली तिला आधी दिसते की प्रशिक्षकाला? मोडलेलं काय तिने स्वतः नीट केलं? लेझर, म्हणजे एकट्याने चालवायची छोटी शर्यतीची बोट, वेगाने चालवणं ही मोठी कला आहे आणि तिचा उपयोग होईल, पण तसल्या हलक्या बोटीवर आणि दहा टनांच्या नौकेवर चुका वेगळ्या होतात, आणि त्या दिसायला वेळही वेगळा लागतो.

घाईने नौका विकत घेऊ नका. दोन वर्षं तिला मोठ्या कीलच्या नौकांवर खलाशी म्हणून जाऊ द्या, फुकट जावं लागलं तरी. नौका पोचवायला जाणाऱ्यांबरोबर जाऊ द्या, कारण तिथे शर्यतीची घाई नसते आणि मोडतोड भरपूर असते. डिझेल इंजिन उघडून जोडता यावं, तारेला आणि दोराला शेवट बांधता यावा, दात दुखायला लागला किंवा हाताला खोल जखम झाली तर काय करायचं ते डॉक्टरांकडून शिकून घ्यावं. सेक्स्टंट तर घराच्या गच्चीवरूनही शिकता येतो. मरीन ड्राइव्हवर उभं राहून सूर्य मोजत मी शिकलो. गोल्डन ग्लोबमध्ये नाव देण्याआधी हजारो मैलांचा समुद्रप्रवास आणि त्यातला काही भाग एकट्याने केलेला असावा लागतो, तो नियम योग्यच आहे. मधली पायरी हवी असेल तर फ्रान्समधली मिनी-ट्रान्सॅट बघा. १९७७पासून चालते, साडेसहा मीटरच्या नौकांवर एकट्याने अटलांटिक ओलांडायचा, आणि तिथे पात्र होण्यासाठीच आधी छोट्या शर्यती आणि एकट्याने न थांबता हजार मैल करावे लागतात.

आणि तिला एक गोष्ट जरूर वाचायला द्या. २०२२च्या नोव्हेंबरात लेहतिनेन पुन्हा शर्यतीत होते. दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला त्यांची 'ॲस्टेरिया' काही मिनिटांत बुडाली आणि ते रबरी तराफ्यावर उतरले. सगळ्यांत जवळ होत्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर, 'मिनेहाहा' नौकेवर, एकट्या. शर्यत सोडून त्या रात्रभर सुकाणूवर राहिल्या, सकाळी तराफा शोधला, दोर फेकून माणसाला आपल्या नौकेवर घेतलं, आणि नंतर 'दर्या गायत्री' नावाच्या मालवाहू जहाजावर सुखरूप पोचवलं. मग पुन्हा शर्यतीला लागल्या. २७ एप्रिल २०२३ला त्या पहिल्या आल्या. एकट्याने जगप्रदक्षिणेची शर्यत जिंकणारी पहिली स्त्री. दोन दिवसांनी दुसरे आले ते अभिलाष टॉमी. पाठीच्या कण्यात टायटॅनियम, पुन्हा चालायला शिकलेले पाय, 'बयानात' नावाची ३६ फुटांची नौका, आणि २३६ दिवस. मुख्य गटात, म्हणजे कुठेही न थांबता, पूर्ण करणारे त्या वर्षी तिघंच होते. ज्या महासागराने थुरिया घेतली त्याच्याच दक्षिणेतून ते या वेळी पार झाले. या बातमीच्या दिवशी आमच्या कार्यशाळेत काम बंद ठेवून आम्ही सगळे नुसते बसून होतो.

तुमच्यासाठी एक सुचवतो. पाऊस सरला, ऑक्टोबरचा उकाडा संपला आणि उत्तरेचा वारा स्थिर झाला की डिसेंबरात ओळखीच्या अनुभवी कप्तानाची नौका बघा आणि मुंबई ते रत्नागिरी जा. साधारण सव्वाशे सागरी मैल, एक दिवस, एक रात्र, थोडं पुढे-मागे. तुम्हीही जा. रात्री अकरानंतर कप्तानाला खाली झोपू द्या, तुम्ही झोपा, आणि सुकाणू तिच्याकडे द्या. तुम्हाला झोप लागणार नाही, तरी वर जाऊ नका. उजाडल्यावर ती डेकवर फेरी मारायला निघेल तेव्हा मात्र तिच्या मागून चाला, काही बोलू नका, आणि ती कुठे कुठे थांबून हात लावते ते बघा.